साक्षीचे वाङ्मय : मराठीतील ख्रिस्ती आत्मकथनाविषयी काही विचार

मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत ख्रिस्ती लेखकांसाठी बहुधा एक निराळे प्रकरण राखून ठेवलेले असते. त्यात कोश, व्याकरणे, नियतकालिके आणि शाळाखात्याची पुस्तके ह्यांची आदरपूर्वक नोंद होते. परंतु ज्या ग्रंथांत ह्या मंडळींनी आपल्या श्रद्धेविषयी मोकळेपणाने लिहिले आहे, त्यांस 'प्रचारपर' हे एकच विशेषण लावून इतिहासकार पुढच्या पानाकडे वळतो. उलट बाजूने पाहावे, तर ख्रिस्ती मंडळींतील कित्येक जाणत्या वाचकांस ह्या ग्रंथांवर टीका झालेली खपत नाही. माणसाने देवाविषयी दिलेली साक्ष ही पवित्र वस्तू आहे, तिला रसिकतेची मापे कशाला लावावयाची, असे ते म्हणतात. आम्हांस हे दोन्ही पक्ष सारखेच अन्यायाचे वाटतात. आपल्याला जे गवसले ते दुसऱ्याला सांगणे ही बोलण्याची एक रीत आहे. ती चांगली साधते किंवा फसते, आणि ती कोठे साधली व कोठे फसली हे मराठी कानाला कळते. तो कान ख्रिस्ती असो वा नसो.

ख्रिस्ती मंडळींच्या बोलण्यात 'साक्ष देणे' हा शब्दप्रयोग रूढ आहे. उपासनेसाठी जमलेल्या चार माणसांतून एखादा उठतो आणि देवाने आपल्यासाठी काय केले ते सांगतो. शब्द मुळात कचेरीतला आहे, आणि त्याचा तो मूळचा अर्थ विसरू नये असे आम्हांस वाटते. साक्षीदाराने आपण पाहिले-ऐकले तेवढेच सांगावयाचे असते. कायद्याचा काथ्याकूट वकिलाने करावयाचा आणि निवाडा न्यायाधीशाने द्यावयाचा. जो साक्षीदार वकिली करू लागतो त्याच्यावरचा विश्वास उडतो; जो निवाडाही स्वतःच देऊ पाहतो त्याला तर कोर्ट उठवूनच देते.

आपल्या परंपरेत ह्याला जवळचा शब्द आहे आत्मनिवेदन. नवविधा भक्तीतील ती शेवटची पायरी. पण तेथे भक्ताचे तोंड देवाकडे असते. तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, रुसतात, रडतात. आपण ते ऐकतो खरे, पण दारात उभे राहून ऐकावे तसे ऐकतो. बहिणाबाईंनी आपल्या आयुष्याची हकीकत अभंगांतून सांगितली, तीही अशीच देवाच्या आणि गुरूच्या समक्ष. दुसऱ्याची भक्ती अशी आडून ऐकण्याची मराठी कानाला शतकानुशतकांची सवय आहे. ख्रिस्ती लेखकाची अडचण येथेच सुरू होते. त्याला आपल्या धर्माच्या आज्ञेप्रमाणे तोंड श्रोत्याकडे फिरवावे लागते. देवाशी बोलता बोलता माणूस एकदम आपल्याकडे वळला आणि म्हणाला, 'तुमचे काय?' तर आपण दचकतो. हे वळणे कसे करावे, हाच ह्या वाङ्मयाचा खरा प्रश्न आहे, आणि त्याची उत्तरे मराठीत गेली चारशे वर्षे दिली जात आहेत.

पहिले मोठे उत्तर फादर स्टीफन्सचे. हा इंग्रज जेज्विट १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यास उतरला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. मधली सुमारे चाळीस वर्षे त्याने मुख्यतः सासष्टीत काढली. त्याचे ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, कारण नागरी खिळे पाडणे त्या काळच्या छापखान्यास जमले नव्हते. पुढे त्याची आणखी दोन मुद्रणे झाली. परंतु सतराव्या शतकातील त्या मुद्रणांची एकही प्रत आज हाती नाही, आणि हस्तलिखितांच्या आधारे १९०७ साली मंगळूरास सालढाणा ह्यांनी काढलेली आवृत्ती हीच अभ्यासकांचा मोठा आधार ठरली. नागरी लिपीत ते शांताराम बंडेलू ह्यांनी १९५६ साली आणले. जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आहे. त्याच्या भाषेची गोडी, ओवीवरील प्रभुत्व, मराठीचे त्याने मुक्तकंठाने केलेले कौतुक, ह्या गोष्टी प्रत्येक शालेय पुस्तकात आलेल्या असल्यामुळे आम्ही त्यांवर शाई खर्च करीत नाही.

आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते ग्रंथाच्या बांधणीकडे. स्टीफन्सने पुराणिक आणि श्रोते हा आपला जुना घाट जसाच्या तसा उचलला. पाद्री-गुरू कथा सांगतो. मध्येच श्रोत्यांतून शंका निघते. गुरू तिचे निरसन करतो आणि कथा पुढे चालते. परक्या देशाची कथा, पण ती सांगण्याची बैठक आपल्या ओसरीवरची. स्वर्गाला वैकुंठ म्हणावयास तो कचरत नाही. मात्र जेथे नवा अर्थ जुन्या शब्दात मावणार नाही असे त्याला वाटते, तेथे तो पोर्तुगीज वा लॅटिन शब्द सरळ ठेवून देतो. हा विवेक फार वरच्या दर्जाचा आहे. आजकालच्या कित्येक भाषांतरकारांना तो साधत नाही.

पण त्याच ग्रंथाच्या आरंभी एक प्रसंग आहे, तो आमच्या मते साऱ्या ग्रंथावर आपली छाया पाडतो. नव्याने ख्रिस्ती झालेला एक श्रोता पाद्रीला विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचावयास तसेच काही का देत नाही? ह्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ख्रिस्तपुराण. समीक्षकांनी हा प्रसंग बहुधा कौतुकाने सांगितला आहे. आम्हांस तो वाचताना दर वेळी गलबलून येते. सासष्टीतील देवळे १५६७ च्या सुमारास पाडली गेली होती. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच जेज्विट मारले गेले, आणि त्यानंतर गावच्या प्रमुखांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. इन्क्विझिशन १५६० पासून गोव्यात ठाण मांडून बसले होते. अशा भूमीवर तो श्रोता हा प्रश्न विचारतो. त्याच्या हातातील पोथी गेली आहे, आणि हात रिकामा असल्यामुळे तो दुसरी मागतो आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. स्टीफन्स स्वतः ज्या इंग्लंडातून आला, तेथे राणी एलिझाबेथच्या राज्यात त्याचाच कॅथलिक पंथ निषिद्ध झाला होता. त्याचा ज्येष्ठ मित्र टॉमस पाउंड ह्याने त्या पंथापायी आयुष्याची सुमारे तीस वर्षे कारागृहात काढली. स्वतः स्टीफन्स वेषांतराने त्याच्यासोबत हिंडला आणि पुढे एकटाच रोमला जाऊन पोहोचला. पोथ्या लपवणे म्हणजे काय, दार बंद करून उपासना करणे म्हणजे काय, हे त्या श्रोत्याइतकेच ह्या पुराणिकालाही ठाऊक होते. हा अनुभव त्या अकरा हजार ओव्यांत कोठे उमटला आहे काय? आम्ही शोधला, आम्हांस तो दिसला नाही. पाद्री-गुरू सर्व जाणतो, सर्व समजावतो, पण 'माझ्यावर असे गुदरले' एवढे तो कधी म्हणत नाही. ख्रिस्तपुराण हे थोर पुराण आहे, पण ती साक्ष नव्हे. बोलणारा राज्यकर्त्यांच्या बाजूस बसलेला असला म्हणजे त्याला स्वतःविषयी बोलण्याची गरज भासत नाही, हे त्याचे कारण असावे असा आमचा तर्क आहे.

ह्या ग्रंथाचे पुढचे दैवही पाहण्यासारखे आहे. १६८४ साली गोव्यातील पोर्तुगीज सत्तेने देशी भाषेविरुद्धच हुकूम काढला आणि तीन वर्षांत लोकांनी पोर्तुगीज बोलावे असे फर्मावले. सत्तेच्या आश्रयाने जन्मलेले पुराण सत्तेनेच पोरके केले. ते जगले मंगळूरकडे गेलेल्या कोकणी ख्रिस्ती घरांत, जेथे त्याच्या पाठीशी कोणतीही सत्ता नव्हती. तेथे ते गाइले गेले, हाताने उतरून घेतले गेले. वाङ्मय म्हणून ह्या ग्रंथाची खरी परीक्षा तेथे झाली आणि तीत तो उतरला, असे आम्ही मानतो.

गोव्यातील हा धागा तुटल्यावर मराठीत ख्रिस्ती वाणी पुन्हा ऐकू येते ती एकोणिसाव्या शतकात, इंग्रजी अमलातील मिशनच्या शाळांतून. आमच्या बेळगावात १८३१ साली जन्मलेले बाबा पद्मनजी हे तिचे पहिले नामांकित लेखक. त्यांचा बाप्तिस्माही १८५४ साली बेळगावासच झाला. त्यांचे 'यमुनापर्यटन' (१८५७) पहिली मराठी कादंबरी म्हणून गाजते. त्यापेक्षा आमच्या विषयाला लागू असे पुस्तक म्हणजे त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' (१८८४). हे पुस्तक वाचताना मन दोन ठिकाणी ओढले जाते. लहानपणची सोवळीओवळी, व्रते, कासारआळीतले घर, मग शाळेतील नव्या विचारांनी मनात उठलेली खळबळ, परमहंस मंडळीत शिरणे, आणि शेवटी घरच्यांपासून तुटणे, हे सारे लिहिताना पद्मनजी साक्षीदार असतात. पण चार पाने होतात न होतात तोच वकिलाचा झगा अंगावर चढतो आणि मुद्द्यांची रांग सुरू होते. तो काळच खंडनमंडनाचा होता. विष्णुबुवा ब्रह्मचाऱ्यांनी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी पाद्र्यांशी वाद घातले, तेही ह्याच हत्यारांनी. तेव्हा दोष एकट्या पद्मनजींचा नाही. तरीपण त्या वादांतील कोटिक्रम आज कोणाला आठवतात? घर सोडून निघालेला बेळगावचा मुलगा मात्र आठवतो.

नारायण वामन टिळकांपाशी आलो म्हणजे हवा बदलते. त्यांच्या धर्मांतराची सुरुवात ज्या प्रसंगाने झाली तो चरित्रकारांनी नोंदला आहे. १८९३ साली टिळक नागपुराहून राजनांदगावास आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. बोलणे निघाले, धर्माचे निघाले. निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे म्हणाला. टिळकांनी पुस्तक वाचावयास घेतले. डोंगरावरील प्रवचनापाशी येऊन ते थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो गृहस्थ कोण होता हे टिळकांना कधीच कळले नाही. त्याने मागे पत्र लिहिले नाही, चौकशी केली नाही, आपल्या यशाचा अहवाल कोठे पाठविला नाही. त्याचे भाकीत जरा आगाऊपणाचे होते हे खरे, पण पुस्तक देऊन तो आपल्या स्थानकावर उतरून गेला, ह्यास आम्ही फार महत्त्व देतो.

टिळकांची म्हणून जी साक्ष आहे ती त्यांच्या अभंगांत आणि भजनांत आहे. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो असे ते म्हणत. त्यांच्या हातून जे उत्तम उतरले ते पाहता हे बोलणे अलंकारिक नव्हते हे पटते. स्टीफन्सने पुराणाचा घाट उसना घेतला. टिळकांना अभंग उसना घ्यावा लागला नाही, तो त्यांच्या घरचाच होता. ख्रिस्ताला ते माऊली म्हणून हाक मारतात, गुरू म्हणतात, त्याच्याशी लाडिगोडीने बोलतात. वर सांगितलेली वळण्याची अडचण त्यांनी अशी सोडविली, की ते वळलेच नाहीत. तोंड देवाकडेच ठेवले आणि दार उघडे टाकले. जेथे ते वळले, जेथे मंडळीला उपदेश करावयास उभे राहिले, तेथे त्यांच्या अभंगाला निबंधाची कळा आली आहे. संग्रहात अशा रचना थोड्या नाहीत, आणि भक्तांनी त्या गाइल्या म्हणून त्या काव्य ठरत नाहीत.

शेवटी शेवटी त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि १९१७ साली साताऱ्यास 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले, त्यामुळे त्या प्रयोगाचे पुढे काय झाले असते हा प्रश्न उरला. त्या दरबाराची धर्मशास्त्रीय बाजू तपासणे आमचे काम नव्हे. कवी म्हणून त्यांनी जे साधले होते, तेच येथे त्यांनी व्यवहारात करून पाहिले असे आम्हांस दिसते.

आता लक्ष्मीबाई. ह्या विषयावर लिहावयास बसलो ते खरे म्हणजे त्यांच्यासाठीच. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत निघाली. शाळेचे तोंड न पाहिलेल्या ह्या बाईने मराठी गद्याला जे दिले, त्याची वाखाणणी अत्र्यांपासून आजवर अनेकांनी केली आहे. परंतु तिच्यातील धर्मानुभवाकडे समीक्षक जरा संकोचाने पाहतात. विनोद, प्रांजळपणा, टिळकांच्या विक्षिप्त स्वभावाची चित्रे, ह्यांविषयी भरभरून लिहितात आणि धर्मांतराचा भाग आला की दोन ओळींत उरकतात. आमच्या मते त्या पुस्तकाचा कणा तोच आहे.

सोवळ्याच्या वेडाने पछाडलेल्या वडिलांच्या घरात वाढलेली ही मुलगी. लग्न झाले ते एका चंचल, तापट, उदार कवीशी, जो कोणत्या दिवशी घर सोडून जाईल ह्याचा नेम नाही. आणि एके दिवशी तो ख्रिस्ती झाल्याची बातमी येते. ह्या बातमीनंतरची पाने मराठी वाचकाने पुन्हा पुन्हा वाचावीत अशी आहेत. नवरा जिवंत असून गेल्यासारखा, नातलगांची कीव आणि टोमणे, लहान मूल पदराशी, पंढरपूरचे दिवस. चार-पाच वर्षांचा वियोग झाला. परत पतीपाशी आल्यावरही त्यांनी आपले सोवळे सोडले नाही, आपले पाणी निराळे ठेवले. टिळकांसारख्या जगाला जिंकू पाहणाऱ्या प्रचारकाच्या घरातच एक माणूस असे होते, की ज्याला त्यांचे म्हणणे पटत नव्हते, आणि ते माणूस रोज त्यांच्या ताटात वाढीत होते!

मग पालट कसा झाला? कोणा पाद्र्याने व्याख्यान दिले नाही. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न एकदा त्यांच्या मनात उभा राहिला, आणि त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच स्वतःला दिले. त्यानंतर कोणाच्याही हातचे पाणी पिण्यास त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा पुढे १९०० साली राहुरीस झाला. हा भाग लिहिताना लक्ष्मीबाईंनी जी भाषा वापरली आहे तीत आणि स्वयंपाकघरातील फजितीची गोष्ट सांगतानाच्या भाषेत तिळमात्र फरक नाही. स्वर चढत नाही. आकाशवाणी होत नाही. 'तुम्हीही असा विचार करा' असे वाचकाला कोठे सुचविलेले नाही. आम्ही ही पाने वर्गात मोठ्याने वाचून दाखविली आहेत. नाना जातिधर्मांची मुले समोर असतात. जेथे हसावयाचे तेथे ती हसतात. आणि ह्या ठिकाणी आली की आपोआप गप्प होतात. पैकी कोणालाही आपल्या धर्मावर कोणी चालून येत आहे असे वाटल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

ह्याचे कारण, आमच्या समजुतीप्रमाणे, एका तांत्रिक गोष्टीत आहे. लक्ष्मीबाई धर्मांतरापूर्वीच्या लक्ष्मीचा उपहास करीत नाहीत. धर्म बदललेला लेखक आपल्या पूर्वायुष्यावर काळोख पसरतो, म्हणजे पुढचा प्रकाश उठून दिसावा. 'अरुणोदय' ह्या नावातच ती योजना आहे. 'स्मृतिचित्रे'त तसा काळोख नाही. सोवळे पाळणारी ती बाई तितकीच खरी, तितकीच हट्टी, तितकीच प्रेमळ आहे. वडिलांच्या सोवळ्याला त्या हसतात, पण वडिलांना हसत नाहीत. त्यामुळे जो वाचक अजून त्या जुन्या घरातच राहतो, त्याला ह्या पुस्तकात अपमान सापडत नाही. साक्ष देणाऱ्याने आपले मागचे आयुष्य कसे सांगावे, ह्याचा एवढा चांगला धडा दुसरीकडे मिळणे कठीण.

त्यांच्या सर्वच लेखनाला आम्ही ही योग्यता देत नाही. टिळकांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' पतीच्या मागे त्यांनी नेटाने पुरे केले. बहुतेक ग्रंथ त्यांच्याच हातचा आहे. ते कष्ट वंदनीय आहेत. परंतु तेथे त्या ठराविक थोरवीची कथा ठराविक भक्तांना सांगत आहेत, आणि त्यांची ती तिरपी, मिस्कील नजर पुस्तकभर खाली झुकलेली आहे. 'स्मृतिचित्रे'चा चौथा भागही अपुरा राहिला, कारण १९३६ च्या फेब्रुवारीत त्या वारल्या.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मुद्दाम मागे ठेवले, कारण ते सोयीचे नाही. त्यांनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, आणि आपली साक्ष १९०७ साली प्रसिद्ध केली. त्यात त्या म्हणतात ते असे, की धर्म आपल्याला आधी सापडला आणि ख्रिस्त मात्र पुष्कळ वर्षांनी. ही कबुली विलक्षण आहे. बाप्तिस्मा झाल्यावर कथा संपते, हा ठराविक साचाच तिने मोडून टाकला. परंतु रमाबाईंची साक्ष लक्ष्मीबाईंसारखी मवाळ नाही. जुन्या धर्माविषयी, विशेषतः त्याने स्त्रीला काय दिले ह्याविषयी, त्या कडक बोलतात, आणि वाचकाला अस्वस्थ करतात. आमच्याच कसोटीने त्यांना उणे लेखावे काय? आम्ही तसे करणार नाही. आईबाप आणि बहीण दुष्काळात गमावलेल्या, तीर्थामागून तीर्थ पायी हिंडलेल्या, शास्त्रे मुखोद्गत असलेल्या त्या बाईला तो कडकपणा शोभतो. तो ऐकीव नाही, भोगलेला आहे. शिवाय तीच कठोरता त्यांनी आपल्या नव्या धर्मबंधूंशीही बाळगली. इंग्लंडातील धर्मभगिनींनी सांगितलेली मते केवळ त्यांनी सांगितली म्हणून मानण्यास त्यांनी नकार दिला, आणि त्या संबंधीचा पत्रव्यवहार छापून उपलब्ध आहे. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत उतरविले, केडगावच्या मुक्तिसदनातील स्त्रियांनी ते खिळ्यांत जुळविले. खेड्यातील बाईला दुसऱ्याच्या तोंडून न ऐकता स्वतः वाचता यावे, हा त्यांचा हेतू होता. १९२२ च्या एप्रिलात भाषांतराचे काम आटोपले आणि त्यांचाही अंत झाला.

येथे आमचे एक ख्रिस्ती स्नेही हरकत घेतील; घेतलीच आहे. ते म्हणतात, गुरुजी, तुम्हांला साक्ष हवी, पण हाक नको. शुभवर्तमान म्हणजे बातमी. आणि घराला आग लागल्याची किंवा पूर ओसरल्याची बातमी देणारा माणूस 'ऐका, वाटल्यास' असे म्हणेल काय? हरकत वजनदार आहे. ज्याची खरोखर श्रद्धा आहे त्याने दुसऱ्याला बोलावणे हे त्याच्या प्रेमाचेच लक्षण होय, आणि त्याने गप्प बसावे असे म्हणणे म्हणजे त्याची श्रद्धा हा घरगुती छंद ठरविणे होय. वारकरीही 'चला पंढरीला' म्हणतोच. आमचे म्हणणे एवढेच, की हाक मारणाऱ्याने हाक मारावी आणि उत्तर येण्याची वाट पाहावी. उत्तर आले नाही तरी पंगतीत जागा ठेवावी. आमच्या ह्या सीमाभागात एका माणसाला दुसऱ्याच्या भाषेविषयी, जातीविषयी, देवाविषयी संशय घेण्यास कारणे नेहमीच मुबलक असतात. अशा ठिकाणी मुलांनी परधर्माच्या श्रद्धेशी पहिली ओळख भाषणांतून करून घ्यावी की 'स्मृतिचित्रे'तून, हा आमच्यासारख्या शाळामास्तराला रोजचा प्रश्न आहे.

वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्या निवडीस काहींनी विरोध केला. ते धर्मगुरू आहेत एवढेच त्या विरोधाचे सार होते. त्यांनी 'सुबोध बायबल' लिहिले होते, 'सुवार्ता' मासिक दीर्घकाळ चालविले होते, आणि वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी झगडे केले होते. विरोध करणाऱ्यांपैकी किती जणांनी त्यांचे एखादे पान वाचले होते हे विचारण्याची सोय नव्हती. दिब्रिटो २०२४ च्या जुलैत निवर्तले. त्यांचे गद्य लक्ष्मीबाईंच्या उंचीचे नाही, पण प्रसन्न आहे, आणि त्यात वकिली नाही.

बालकवी ठोंबरे ह्यांना १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर टिळकांनी अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, आपल्या घरी आणले. लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखे वागविले, त्यांचे रुसवेफुगवे काढले. 'स्मृतिचित्रे'तील ठोंबऱ्यांविषयीची पाने ही बालकवींवर मराठीत लिहिल्या गेलेल्या लेखनात आम्हांस सर्वांत जिवंत वाटतात. त्या घरात सकाळसंध्याकाळ ख्रिस्ताची भजने चालत, नवी भजने लिहिली जात, आणि दुसऱ्या खोलीत हा तरुण आपल्या निर्झरांच्या आणि फुलांच्या कविता लिहीत बसे. १९१८ साली भादली स्थानकापाशी रेल्वेखाली सापडून त्याचा अंत झाला. तो शेवटपर्यंत हिंदूच होता.